बाईंनी गाळलेली ओळ

गाणं लिहिणाऱ्या माणसाच्या पोटी जन्माला येऊ नये. आलातच, तर निदान त्याने एकापेक्षा जास्त गाणी लिहिलेली असावीत. ढीगभर लिहिणाऱ्याचं लक्ष ढीगभर ठिकाणी वाटलं जातं. एकच लिहिणारा मात्र ते एक गाणं घेऊन आयुष्यभर घरच्यांच्या बोकांडी बसतो.

माझे बाबा एकवाले.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, त्यामागे वाफेची इस्त्री, आणि सगळ्यात मागे एक लांबट, बिनखिडकीची खोली. तिथे ड्रायक्लिनिंग झालेले कोट दोन्ही बाजूंना दाटीवाटीने टांगलेले असतात. काउंटर बाबांचं, इस्त्री आईची, आणि बाकी सगळं, म्हणजे डाग, तुटलेली बटणं, गिऱ्हाइकांची भांडणं आणि वीज गेली की घालायच्या शिव्या, माझं. काउंटरच्या वर भिंतीवर चौकटीत एक तबकडी लावलेली आहे. नवीन गिऱ्हाईक ती बघून विचारतं, "हे काय?" मग बाबा सांगतात. जुनं गिऱ्हाईक विचारत नाही. त्यालाही सांगतात.

सांगण्यासारखं इतकंच आहे की मी अंगावर पीत होते त्या काळात बाबांनी एक गाणं लिहिलं, त्याला चाल लावली, आणि ते एका गायकाने गायलं. गुळगुळीत केसांचा, गुळगुळीत आवाजाचा गायक. त्याचं ऐकून झालं की कान धुवावेसे वाटायचे. गाणं एक हंगाम रेडिओवर वाजलं आणि गेलं. पण त्यातली एक ओळ मागे राहिली.

"कधीही ये तू, माझ्या दाराला कडीच नाही."

लोक या ओळीवर फिदा झाले. प्रेमपत्रांत गेली, भेटकार्डांवर छापली गेली. लाकडी दारं विकणाऱ्या एका माणसाने तर ती जाहिरातीत वापरली. बाबा तावातावाने त्याच्याशी भांडायला गेले आणि एक दार स्वस्तात घेऊन परत आले. आमच्या मागच्या खोलीला तेच दार आहे. त्याला वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी कड्या आहेत.

हे सगळं एवढ्यावर निभावलं असतं. पण बाईंनी दुसऱ्यांच्या गाण्यांचा अल्बम करायचं ठरवलं.

बाई सोल गातात. सोल म्हणजे प्रार्थनेतून उठून तडक बारमध्ये शिरलेलं गाणं, आणि बारमध्ये बसूनही ज्याची प्रार्थना सुटत नाही असं. बाई आता म्हाताऱ्या झाल्यात. आवाज वरून विरलाय, खालून जाड झालाय. आयुष्यभर स्वतःची गाणी गायल्या आणि आता म्हणाल्या, राहिलेला दम दुसऱ्यांच्या गाण्यांवर घालवते. झालं, शहाण्यांना कंठ फुटला. स्वतःचं संपलं की माणूस दुसऱ्याचं उचलतो म्हणे. मूळ ते मूळच म्हणे. या लोकांचा मला मनस्वी राग आहे. हे लोक गाणं ऐकतच नाहीत, त्याची मालकीची कागदपत्रं तपासतात.

बाईंच्या कंपनीतल्या मुलीचा फोन आला तेव्हा बाबा एका गिऱ्हाइकाला तबकडीची कथाच सांगत होते. फोन कानाला लावून ते हळूहळू ताठ उभे राहिले. शाळेत नाव पुकारल्यावर पोरं राहतात तसे.

"बाईंनी? माझं? नववं? अहो, नववं असो नाहीतर नव्वदावं..." मग म्हणाले, "गायलेली नाही म्हणजे? कुठली ओळ गायलेली नाही?"

कुठली ते त्यांना माहीत होतं. मलाही. काउंटरवरच्या गिऱ्हाइकालासुद्धा.

मुलगी भली होती. तिने समजावून सांगितलं. बाईंनी गाण्यातली एक ओळ गाळली आहे. गाण्यात बदल झालाय म्हणून लिहिणाऱ्याचा होकार लागतो. पूर्ण अल्बम ऐकायला पाठवते. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. नको असेल तर बाईंनी दुसरं एक गाणं गाऊन ठेवलंय, ते नववं होईल, तुम्ही अजिबात संकोच करू नका.

"संकोच!" फोन ठेवून बाबा म्हणाले. "मुंडकं उडवलंय गाण्याचं आणि म्हणे संकोच करू नका."

त्या संध्याकाळी आम्ही शटर अर्धं ओढलं आणि अल्बम लावला. आई इस्त्रीवरच होती. एका हॉटेलच्या वेटरांचे शर्ट दुसऱ्या दिवशी द्यायचे होते, आणि आई कुणाच्या गाण्यासाठी शर्ट थांबवणाऱ्यातली नाही.

आता मला खरं सांगायचं तर मी ऐकायच्या तयारीने बसलेच नव्हते. बाबा कुठे उसळतील त्याची वाट बघत होते. पण पहिल्याच गाण्याने मला बखोटीला धरलं. ते गाणं सगळ्यांना येतं. मूळ गाणारी चार तरुण पोरं आहेत, "मला सोडून जाऊ नकोस" असं नाचत नाचत सांगतात, आणि आपणही इतकी वर्षं त्याच्यावर नाचलो. बाईंनी त्यातलं नाचणं काढून घेतलं. शब्द तेच ठेवले, चाल तीच ठेवली. उरलं ते ऐकवेना. एक म्हातारी बाई कुणाला तरी जाऊ नकोस म्हणतेय आणि तो जाणार आहे हे तिला माहीत आहे. माझ्या हातातलं बटण सुईसकट तसंच राहिलं. दुसरं एक मैदानात उभं राहून छाती काढून गायचं गाणं. ते बाई जेवणाच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखं गायल्यात. एक अंगाईगीत आहे, ते चिडून गायलंय. ज्याने कुणी रडकं पोर घेऊन येरझाऱ्या घातल्यात त्याला विचारा, अंगाई चिडूनच गायली जाते. चौथ्या गाण्याची मात्र बाईंनी पार वाट लावलीय. व्हायोलिनचा चिखल नुसता. तेही सांगून टाकते, उगाच कुणी मला भक्त समजायला नको.

मग नववं आलं.

बाबांनी डोळे मिटले. आधी नुसता ऑर्गन. मग बाई. बाबांचं गाणं मी हजारदा ऐकलंय, माझ्या डोक्यात त्याची खपली धरलीय, तरी मी ओळखलं नाही. गुळगुळीतवाला ते गाणं निघून गेलेल्या कुणाला तरी परत बोलावण्यासाठी गायचा. बाई ते गाताना परत बोलावणारं कुणी दिसेना. परत येणारी दिसायला लागली. आणि मग त्या ओळीची जागा आली. ऑर्गन थांबला, आणि बाई तोंड मिटून गुणगुणल्या. थोडेच सूर. माणूस काहीतरी बोलायला जातो आणि मग 'जाऊ दे' म्हणतो, तसे. मग पुढची ओळ.

"खाल्ली!" बाबा ओरडले. "अख्खी गिळली! गाण्याचा प्राण होता तो!"

मी आईकडे बघितलं. तिच्या हातातली इस्त्री शर्टाच्या वर अधांतरी होती आणि वाफ नुसतीच हवेत जात होती. आमची आई गॅस वाया घालवत नाही, पाणी नाही, वाफ तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात आणि दुकानात एकच विषय. बाबा ओळीचं श्राद्ध घालत बसले. गिऱ्हाईक आलं की, "तुम्हीच सांगा, हृदय काढलं तर माणूस जगेल का?" गिऱ्हाईक म्हणायचं, "कोटावरचा रश्श्याचा डाग जाईल का?" बाई सटकल्यात. बाईंना ओळ पेलवली नाही. बाईंना जळकेपणा. मी म्हटलं, "बाबा, जिला अर्धं जग ओळखतं ती तुमच्यावर जळतेय?" तर म्हणाले, "तुला संगीतातलं काय कळतं? तू डाग काढ."

डागच काढत होते मी. कप्पाळ.

काठीकाका आले ते अशा वेळी. काठीकाका म्हणजे बाबांचे तरुणपणचे दोस्त, ड्रम वाजवतात. कोटाच्या आतल्या खिशात कायम ड्रमच्या दोन काठ्या, म्हणून काठीकाका. बाबा लाँड्रीत बसले, हे निघाले, आणि फिरत फिरत बाईंच्या ताफ्यात गेले ते तिथेच म्हातारे झाले. अल्बमवरचे ड्रम त्यांचेच. कोट धुवायला टाकायचं निमित्त करून आले होते. कोट स्वच्छ होता.

"काय मग कवी, दिलास का होकार?"

"होकार? तुझ्या बाईंनी माझा गळा कापला आणि तू तिथे बसून ताल धरलास! मित्र आहेस की कोण आहेस?"

"अरे, त्यांनी काही कापलं नाही. त्यांनी ऐकलं तसं गायलं."

"काय ऐकलं? रेकॉर्डवर ओळ आहे! हे बघ, इथे टांगलीय!"

"रेकॉर्ड नाही ऐकली त्यांनी. रेकॉर्ड लावली होती मी, अर्ध्यातच बंद करायला सांगितली. म्हणाल्या, याचा आवाज माझ्या दातांना चिकटतो." काठीकाकांनी चोरट्या नजरेने आईकडे बघितलं. "मग मी कॅसेट लावली. तुमची. कोटांमधली."

ही कॅसेट काय ते सांगायला हवं. गुळगुळीतवाल्याकडे गाणं पाठवायला नमुना हवा होता. बाबांचा आवाज हँगर लोखंडी दांड्यावरून ओढल्यासारखा, म्हणून गायची होती आईने. तेव्हा आईचा आवाज चांगला होता म्हणतात. मी इस्त्रीवरचं तिचं पुटपुटणं सोडून काही ऐकलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी दोघं मागच्या खोलीत कोटांच्या मधोमध उभी राहिली, कारण कोट आवाज घुमू देत नाहीत. काठीकाकांनी पुठ्ठ्याच्या खोक्यावर ताल धरला. एकदाच गाऊन झालं, मग कॅसेटची नक्कल काढली. एक प्रत गायकाकडे गेली, एक काठीकाकांच्या बॅगेत राहिली आणि जगभर फिरली.

"कॅसेटवर ओळ नाही?" बाबा म्हणाले.

"तुला आठवत नाही? वहिनी तिथे गुणगुणल्या होत्या. तूच म्हणालास, असू दे, विसरली वाटतं, मी शब्द चिठ्ठीवर लिहून पाठवतो. बाईंनी ती कॅसेट ऐकली, परत ऐकली, आणि मला म्हणाल्या, हे गाणं ज्याने लिहिलंय त्याचं नाही, ही जी गातेय तिचं आहे. मी ते तसंच गाणार."

मग बाबा आईकडे वळले. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बरं बोलेल.

"म्हणजे तू विसरलीस!" बाबा म्हणाले. "तुला पाठच नव्हतं! तुझ्या विसराळूपणापायी आता माझी ओळ जगभर गाळली जाणार!"

आईने शर्ट उलटा केला आणि पाठीवरून इस्त्री फिरवायला घेतली. काठीकाका स्वच्छ कोट काउंटरवर तसाच टाकून निघून गेले.

त्यानंतर बाबांना ऊत आला. गिऱ्हाइकांना आता नवीन कथा मिळाली: बायको ओळ विसरली आणि म्हातारी गायिका ते विसरणंसुद्धा गाऊन मोकळी झाली. लोक हसायचे. आई पाठीमागे उभी राहून हे ऐकायची आणि कॉलरवर इस्त्री जरा जास्तच दाबायची. मी बाबांना म्हटलं, बस करा. आईला म्हटलं, बोल काहीतरी. दोघांनीही माझं ऐकलं नाही. या घरात माझं फक्त गिऱ्हाइकं ऐकतात, तेही कपडे हरवले की.

एका दुपारी कोट आणायला मी मागच्या खोलीत गेले तर आई तिथे उभी. दोन्ही बाजूंच्या कोटांमध्ये शिरून, माझा फोन कानाला लावून. नववं गाणं चालू होतं. संपलं की पुन्हा लावत होती. आमची आई, जिला फोनवर हिरवं बटण कुठलं नि लाल कुठलं ते दर वेळी सांगावं लागतं, ती गाणं मागे कसं घ्यायचं ते स्वतःहून शिकली होती. मी दिसल्यावर तिने फोन खाली केला.

"ते गाणं आहे तसंच जाऊ दे म्हणावं बाबांना," ती म्हणाली.

माझ्या आईने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. तिच्या चपला मी ओढून नेऊन घेते, चष्मा भांडून घेते.

"तूच सांग ना त्यांना."

"मी सांगितलं तर ते नाहीच म्हणतील."

"आणि मी सांगितलं तर?"

"तुलाही नाहीच म्हणतील. पण तू भांडशील."

म्हणजे मी भांडायची. ही माझी नेमणूक. मी त्या कोटांत उभी राहून दोघांनाही मनातल्या मनात शिव्या दिल्या. एक बोलायचं थांबत नाही आणि दुसरी तोंड उघडत नाही, आणि त्यांच्यामध्ये मी, रबरी हातमोजे घालून.

गुरुवारी सकाळी बाबांनी जाहीर केलं की उत्तर ठरलं. नकार. ओळीसकट गाणं, नाहीतर नको. "बिनकण्याचं गाणं बाहेर गेलं तर लोक मलाच हसतील. उद्या कळवतो."

मी भांडले. नेमणूकच होती. म्हटलं, तुमच्या त्या ओळीने आजवर फक्त दारं विकली गेली. म्हटलं, बाईंनी गायलंय तेव्हा पहिल्यांदा ते गाणं मला गाणं वाटलं. बाबांचा चेहरा पडला, मला वाईटही वाटलं, पण मी थांबले नाही. म्हटलं, आणि आई विसरली म्हणून जगाला सांगताय, ती तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा विसरत नाही.

"मग का नाही गायली? सांग ना! एवढी सोपी ओळ. कधीही ये तू, माझ्या दाराला..."

"कुलूप होतं," आई म्हणाली.

आईने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. दिवसाढवळ्या, कामाच्या वेळी तिने इस्त्रीचं बटण बंद केलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"हे गाणं तुम्ही कधी लिहिलंत?"

"कधी म्हणजे, तू ताईकडे निघून गेली होतीस तेव्हा. भांडून. तुझ्याविना घर खायला उठायचं, तेव्हा लिहिलं. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि मी परत कधी आले?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मला माहीत असणार. मी तेव्हा कडेवर होते.

"दुपारी आले," आई म्हणाली. "भर उन्हाची. ही कडेवर, हातात पिशवी. दाराला कुलूप. शेजारी किल्ली विचारली, नव्हती ठेवलेली. जिन्यात बसले. पायरी तापलेली. ही रडून रडून झोपली, उठली, परत रडली. शेजारणीने पाणी दिलं. ऊन उतरलं तेव्हा तुम्ही आलात, काठीभाऊजींच्या खोलीवरून. गात गात. जिन्यात मला बघितलंत आणि काय म्हणालात आठवतंय?"

बाबांना आठवत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"म्हणालात, बरं झालं आलीस, ऐक काय लिहिलंय. आणि तिथेच गाऊन दाखवलंत. अख्खं. दाराला कडीच नाही म्हणालात तेव्हा तुमच्या पाठीमागे कुलूप लटकत होतं. हे एवढं." तिने मूठ दाखवली. "गाणं संपवलंत, कसं आहे विचारलंत, आणि मग खिशातून किल्ली काढलीत."

"मग... मग तू काय म्हणालीस?"

"चांगलं आहे म्हणाले. हिला शू झाली होती, मला आत जायचं होतं."

मला हसू आलं. खरंच आलं. दाबलं.

"चाळीस वर्षं झाली," बाबा म्हणाले. "एकदा तरी बोलायचंस!"

"अहो, विचारलंत कधी? कोटांत उभं राहून गायला लावलंत तेव्हा ती ओळ आली, माझ्या तोंडून फुटेना. खोटं नाही गाता येत मला. म्हणून गुणगुणले. तुम्हाला वाटलं, विसरली. म्हटलं, वाटू दे."

बाबा काउंटरवर जाऊन बसले आणि दुपारपर्यंत गिऱ्हाइकाला तबकडीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस हलला. पण हा माझा बाप आहे. दुपारनंतर ते पेन्सिल घेऊन इस्त्रीपाशी आले.

"कुलूप होतं खरं, किल्ली तुझीच होती... असं केलं तर? त्या जागी?"

"नको," आई म्हणाली.

"उन्हात बसलीस तू, सावली मी..."

"खोटं."

"अगं, पण मी बदलतोय ना! तुझ्यासाठीच बदलतोय!"

"मला काही नकोय तिथे. काही म्हणजे काही नको. एकदा तरी तिथे तुम्ही काही बोलू नका."

शुक्रवारी फोन आला तेव्हा संध्याकाळची गर्दी होती. रांगेत लोक, काउंटरवर कपड्यांचा ढीग, आणि बाबा फोनकडे नुसते बघत उभे. मी म्हटलं, उचला. आई मागे वळली नाही. पण इस्त्री एकाच बाहीवर फिरत होती, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि बाही केव्हाच झाली होती.

"हो, मीच बोलतोय," बाबा म्हणाले. "नाही. नाही नाही, ऐका. ओळ नको. आहे तसं जाऊ द्या. हो, होकारच म्हणतोय मी, मराठीतच बोलतोय ना? गुणगुणतात ते तसंच. त्याला कुणी हात लावू नका."

आईने ती बाही सोडली आणि दुसरी घेतली.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी झाले असते. पण बाबांनी फोन ठेवला नाही. "आता ती ओळ का नाही, ते ऐका," असं म्हणून त्यांनी त्या बिचाऱ्या मुलीला, रांग ताटकळत ठेवून, जिन्याची सगळी हकीकत सांगितली.

अल्बम आला. चालला. शहाण्यांनी तोंडं वाकडी केली, बाकीच्यांनी ऐकला. नववं गाणं ऐकून लोक आमच्या दुकानात यायला लागले, त्या गुणगुणण्याबद्दल विचारायला लागले. आणि बाबा सांगायला लागले. ज्या ओळीसाठी हा माणूस आठवडाभर छाती पिटत होता, ती नसणं हीच आता त्याची सगळ्यात मोठी कामगिरी झाली. "मी निर्णय घेतला," बाबा सांगायचे, "की काही जागा मोकळ्या सोडाव्यात." जिन्याची हकीकत रोज वाढत गेली. आधी पाऊस आला त्यात. मग वादळ. मग आईला ताप. मग बाबा किल्ली हरवून वेड्यासारखे गावभर धावत होते आणि जिन्यात आल्यावर दोघं गळ्यात पडून रडली. मी डोक्याला हात लावला. आईने चाळीस वर्षं गप्प राहून एक गोष्ट सांभाळली होती, तीही याने उचलली आणि काउंटरवर मांडली.

मी आईला म्हटलं, "ऐकतेस ना?"

"कान आहेत मला."

"मग?"

तिने पुढचा शर्ट ओढला. पण परवा एक शाळामास्तर पँट न्यायला आले होते. घाईत होते. बाबांनी त्यांना गाठलं. वादळ आलं, ताप आला, मास्तर घड्याळ बघत होते. "हो का... अरे वा... माझी पँट झालीय का?" बाबांचं लक्ष नाही. "आणि तेवढ्यात वीज कडाडली..." "अहो, पँट!" मी पँट शोधत होते, तिच्यावरची नंबरची चिठ्ठी निघाली होती, सापडेना.

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं. पुढे आली. बाबांच्या दंडाला धरून त्यांना काउंटरवरून बाजूला केलं, वाटेतली टोपली बाजूला करावी तसं, आणि स्वतः उभी राहिली.

"वीजबीज काही नव्हती," ती मास्तरांना म्हणाली. "ऊन होतं. दुपारची वेळ."

"अगं, पण गोष्टीला जरा..."

"तुम्ही गप्प बसा. तुमचं ऐकून झालंय."

आणि तिने सांगितलं. हळू, इस्त्री फिरवते तसं, घाई न करता. पिशवीचा बंद तुटला होता हे मला पहिल्यांदा कळलं. शेजारणीने पाणी दिलं पण आत बोलावलं नाही, हेही. जिना कसा तापला होता ते सांगताना तिने काउंटरवर तळवा ठेवला आणि झटकन उचलला. बाबा टोपलीशेजारी उभे होते, त्यांचं तोंड उघडंच होतं, आणि एकदाही त्यातून शब्द निघाला नाही.

मला पँट सापडली. मी ती पिशवीत घातली, मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली. बाहेर त्यांची रिक्षा भोंगा वाजवत होती.

मास्तरांनी कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं आणि बसले.

"मग?" ते आईला म्हणाले. "मग पुढे?"